चष्मा घातलेला वीर

मुलांनो, तुम्ही फोनवर विचारलंत की आजोबा म्युझियमला जायला नको का म्हणतात. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून पहिल्यापासून नीट लिहिते.

तुमचा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना इथे बंगळुरातच, हेब्बाळजवळ, स्कूटरच्या अपघातात गेला. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. आपल्या घराण्यात कुणी लग्नाआधी गेलं की त्याचा टाक करतात. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर ठोकून काढलेला ढाल-तलवारीचा वीर. तो देवघरात खंडोबा-भवानीच्या शेजारी बसतो आणि त्याचीही रोज पूजा होते. चामराजपेटच्या आपल्या जुन्या सोनाराकडे मी स्वतः गेले आणि म्हटलं, वीराला चष्मा घाला.

"काय अक्का, लढाईला निघालेला वीर कधी चष्मा घालतो का?"

"माझा घालतो. नाहीतर त्याला घोडासुद्धा दिसायचा नाही."

सोनार हसला, पण माझं तोंड बघून कामाला लागला. दोन गोल आणि मधे एक आडवी रेघ, असा चष्मा त्याने काढून दिला.

देव घासायचं काम माझं. चिंच लावून मी सगळे टाक घासायची, पण त्याच्यावर हात जरा जास्तच वेळ फिरायचा. रोज लेकाचं तोंड धुतल्यासारखं वाटे. काही वर्षांत नाक झिजलं, मग ओठ गेले. शेवटी चष्म्याच्या खोल रेषा तेवढ्या राहिल्या. चेहरा पुसला गेलेला टाक देवात ठेवत नाहीत. तो वाहत्या पाण्यात सोडतात आणि नवा करतात. नवा करायचं बळ आम्हा दोघांतही नव्हतं. कावेरीच्या एका घाटावर आजोबांनी तो सोडला. मी पाण्याकडे पाठ करून पायरीवर बसले होते.

त्या दिवसांत रविवारी घर खायला उठायचं. म्हणून आजोबा मला घेऊन सकाळच्या बसने बाहेर पडत. नदीकाठची गावं, ढासळलेले बुरूज, देवळामागचे वीरगळ, कुठे कुणी हौसेने मांडलेलं म्युझियम. डब्यात दहीभात असायचा. आजोबा प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायचे आणि मी बरोबर असलेल्या पाट्यांतही चुका काढायची. असे दिवस कसेबसे जात होते.

टाक सोडल्याला दोनेक वर्षं झाली असतील. त्या घाटाच्या खालच्या अंगाला असलेल्या एका गावात गेलो होतो. तिथे एका निवृत्त मास्तरांनी नदीकाठच्या जुन्या चावडीत दोन खोल्यांचं म्युझियम केलं होतं. वेताची गोल होडी, माशांचे गळ, तोफेचे गोळे. उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत काय काय सापडतं आणि लोक आणून देतात, असं ते कन्नडमधून कौतुकाने सांगत होते. शेवटच्या काचेच्या पेटीत जुनी नाणी होती, आणि नाण्यांच्या मधे तो होता.

मी आधी ओळखलं. आजोबांनी त्याच्याखालची चिठ्ठी वाचू नये म्हणून त्यांची बाही धरली, पण ते वाचायला लागले होते. "मराठा स्वार. सुमारे तीनशे वर्षांपूर्वीचा. डोळ्यांवर लोखंडी कवच." ते हसले. "अगं, ऐकलंस का, डोळ्यांवर कवच म्हणे..." आणि हसू तिथेच थांबलं.

"हा आमचा मुलगा आहे," ते मास्तरांना म्हणाले.

"म्हणजे तुमच्या घराण्यातला? पूर्वज?"

"पूर्वज नाही. मुलगा."

मास्तर आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी कुलूप काढलं आणि टाक आजोबांच्या तळहातावर ठेवला. "घेऊन जा, सर. अम्मा, मला खरंच माहीत नव्हतं."

आजोबा माझ्याकडे वळले. "घरी नेऊ या. त्याला स्वल्प जागा लागते."

"देवात ठेवता येणार नाही."

"कपाटात ठेवू."

"मग मी रोज कपाट उघडणार. आणि एक दिवस पुन्हा नदीवर यावं लागणार. मला नाही जमणार, अहो."

"मी सोडीन."

"मागच्या वेळी तुम्हीच सोडलात. नंतर किती रात्री तुम्ही जागून काढल्यात, ते मी बघितलंय."

"अगं, पण इथे परक्यांत राहायचं त्याने?"

"इथे त्याला कुणी घासणार नाही," मी म्हटलं.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले, पण मूठ मिटलेलीच. मास्तर कुलूप हातात घेऊन भिंतीकडे बघत उभे होते. रस्त्यावर आमच्या बसचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. शेवटी मीच आजोबांचा हात हातात घेतला, एकेक बोट सोडवलं आणि टाक मास्तरांना परत दिला. तळव्यावर त्या पत्र्याची कड उमटली होती.

बसमध्ये बसल्यावर त्यांनी ती मूठ पुन्हा मिटली, आणि बंगळूर येईपर्यंत उघडली नाही.