न भाजलेला अर्धा तुकडा

महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी रत्नागिरीत निसर्गशेतीच्या मेळाव्यांना जाऊ लागलो. ऐंशीच्या दशकाचा तो उत्तरार्ध होता. मेळावा दर दोन महिन्यांनी, रविवारी, एका शाळेच्या सभागृहात भरे. येणाऱ्याने ताट-वाटी घरून आणायची आणि जेवणानंतर स्वतःच धुवायची, असा नियम होता. निवृत्त शिक्षक, दोन-तीन आंबाबागायतदार, बँकेतले एक कारकून आणि आम्ही काही विद्यार्थी अशी उपस्थिती असे. स्वतः भात लावणारे त्यात फार थोडे. एकदा मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी फळ्यावर ‘पर्माकल्चर’ हा शब्द लिहिला आणि त्याखाली ‘कायम टिकणारी शेती’ असा अर्थ दिला. मी तो वहीत उतरवून खाली दोन रेघा ओढल्या.

तिथे ऐकलेली एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. पालापाचोळा जाळू नये. तो जमिनीवर अंथरावा. आमच्या घरी तर तो दर उन्हाळ्यात जाळला जाई. त्याची रीत सांगितली पाहिजे. ज्या तुकड्यात भाताचे बी पेरायचे, त्यावर शेण, तोडलेल्या फांद्या, पातेरा म्हणजे वाळका पाला आणि वर बारीक माती असे थर देऊन ते संथपणे धुमसू देतात. याला भाजवळ म्हणतात. पाऊस लागला की त्या राखेत बी पेरायचे. उगवलेल्या रोपांना तरवा म्हणतात. तो वाढला की उपटून खाचरात लावायचा.

आमचे गाव राजापूरच्या बाजूला, आत. वडील मुंबईला नोकरीत होते आणि शेती आई बघे. सुट्टीत घरी गेल्यावर मी तिला समजावू लागलो.

“आये, हे भाजणं म्हणजे जमिनीचं अन्न जाळणं आहे.”

“असं कोण म्हणतं?”

“आमच्या मेळाव्यातले सर.”

“मग त्या सरांच्या घरी भात येतो कुठनं?”

“प्रश्न तो नाही.”

“माझा तोच हाय.”

मी आठवडाभर तिच्या मागे लागलो. अखेर तिने अर्धा तुकडा मला दिला. शिकलेल्या मुलाचा मान राखला, इतकेच. त्या अर्ध्यात मी पातेरा न जाळता अंथरला.

पाऊस पडला आणि दोन्ही अर्ध्यांत बी उगवले. माझ्या अर्ध्यात त्याबरोबर तणही उगवले. भाजल्याने तणाचे बी मरते, ही साधी गोष्ट माझ्या वहीत कुठेच नव्हती. कोवळे तण आणि कोवळे भात इतके सारखे दिसते की मला ते ओळखता येईना. आई पावसात डोक्यावर पानांचे इरले घेऊन, वाकून, एकेक काडी निवडत राहिली. तरीही तरवा खुरटा राहिला, आणि लावणीच्या वेळी दोन खाचरांना पुरला नाही.

तरवा कमी पडला तर शेजाऱ्याकडे मागतात. नाही कोणी म्हणत नाही. पण त्यांची लावणी उरकेपर्यंत थांबावे लागते आणि उरेल ते घ्यावे लागते. आईवर ही वेळ तोवर आली नव्हती. चुलतकाकूने तरव्याचे भारे दिले, आणि देताना बांधावरूनच ओरडली, “काय गो, कालिजातला तरवा कुठं गेला?” बाया हसल्या. आईही हसली. मी खाचरात मान खाली घालून उभा होतो.

हे मी मेळाव्यात सांगायला हवे होते. हिवाळ्यातल्या बैठकीत मला अनुभव सांगायला उभे केले, तेव्हा मी जे बोललो ते आजही शब्दशः आठवते. “आम्ही अर्धा तुकडा भाजला नाही. माती मऊ राहिली, गांडुळे दिसली. रोपे उगवली. सर्व खाचरांची लावणी पूर्ण झाली.” यातले एकही वाक्य खोटे नव्हते. ती मी नीट निवडून घेतली होती. टाळ्या वाजल्या.

ताटे धुताना खेडच्या बाजूचे एक शेतकरी माझ्याशेजारी आले. वयाने माझ्या वडिलांएवढे होते.

“सगळी लावणी झाली म्हणालात ना?”

“हो, झाली.”

“नाय, माझी खाचरं तीनच. म्हणून विचारलं.”

“करून बघा,” मी म्हणालो.

पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा आले. बैठकीत उभे राहून त्यांनी सरळ सांगितले की त्यांनी सगळा तुकडा तसाच ठेवला, तण माजले आणि तरवा हाती आला नाही. मग ते माझ्याकडे वळले. “माझंच काहीतरी चुकलं असणार. तुम्ही कसं केलंत, ते जरा परत सांगा.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. हातात पेन्सिल होती. मी म्हणालो, “पातेऱ्याचा थर कमी पडला असेल.”

“हां. कमीच घातला मी,” असे म्हणून त्यांनी ते लिहून घेतले.

त्यांना लिहिताना मी पाहिले. दुसऱ्याने चूक आपल्या अंगावर घेतलेली पाहणे आणि गप्प बसणे, हे मला जमू शकते, हे मला त्या दिवशी कळले. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना नळापाशी गाठले आणि सगळे सांगितले: तण, खुरटा तरवा, चुलतकाकूचे भारे.

त्यांनी ताट धुऊन उपडे ठेवले. मग म्हणाले, “मला एकट्याला कशाला सांगतोस? आत सांग.” सकाळपर्यंत मी त्यांना ‘तुम्ही’ होतो.

मी आत जाऊन सांगितले. या वेळी सर्व वाक्ये सांगितली. मेळावा चालवणारे सर म्हणाले की प्रयोगात असे होते, आणि पुढचा विषय घेतला. खेडच्या गृहस्थांनी मात्र हात वर केला. “मग यंदा मी काय करू? भाजू का नको?”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

“आईस म्हाईत असंल. तिला विचार नि कळव,” असे म्हणून त्यांनी माझ्या वहीत आपला पत्ता लिहिला.

पुढच्याच शनिवारी मी एसटीने घरी गेलो, पोस्टकार्ड घेऊन आईसमोर बसलो आणि जे केले ते तिला सांगितले. ती तांदूळ निवडत होती.

“त्यांना तरवा दिला कोणी?”

“ते मी विचारलं नाही.”

“म्हंजे लावणी झाली की खाचरं तशीच ऱ्हायली, ते पण तुला ठावं नाय?”

“नाही.”

“मग ते आधी लिही,” आई म्हणाली. “कसं भाजायचं ते मागनं सांगते.”

मी कार्ड गुडघ्यावर घेतले आणि तिने सांगितल्याप्रमाणे पहिली ओळ लिहिली: गेल्या पावसात तुमच्याकडे लावणी झाली का?