गच्चीवरची चिकट काच

इनास सरांनी आयुष्य वसईच्या हवेला वाहिलं होतं, असं शोकसभेत नगरसेवक म्हणाले. मी मागच्या रांगेत होतो. सरांना वसईच्या हवेचं काही पडलेलं नव्हतं. फिलूबायच्या नाकात काय शिरतं, एवढंच त्यांना शोधायचं होतं. फिलूबाय म्हणजे त्यांच्या पत्नी. चर्चच्या गायनमंडळात त्यांचा आवाज पहिला, पण सप्टेंबरातल्या मारियामातेच्या सणाला नेमका बसलेला. धाप लागायची, आणि घरातच बसून त्या लांबून घंटा ऐकायच्या.

सर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे संशय घ्यायचा तोही रीतसर. पहिला माझ्यावर. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. एका संध्याकाळी दारात उभे.

“प्रभू, काय भाजताय?”

“सुकट. पाठवू थोडी?”

“नको. खिडकी कुठली उघडी आहे, तेवढं बघतो.”

आणि खरंच बघून गेले. मग त्यांनी श्रावणाची वाट पाहिली. आमच्याकडे श्रावणात मासळी बंद. महिनाभर आमच्या घरातून खाली नुसता वरणाचा वास गेला, तरी पावसाने उघडीप दिली तशी फिलूबायची धाप सुरू झालीच. “सुटलात,” सर जिन्यात म्हणाले. जरा नाराजच वाटले. हाताशी आलेला आरोपी गेला होता…

मग गच्चीवर काच आली. व्हॅसलीन फासलेली काचपट्टी, कपड्यांच्या दोरीला चिमट्याने अडकवलेली. रोज सकाळी जुनी काढायची, नवी लावायची. सोसायटीत कोणी म्हणालं डासांसाठी, कोणी म्हणालं करणी. एक दिवस सरांनी मला त्यांच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काटेरी गोळे दिसले.

“हा बघा. तुमच्या सुकटीपेक्षा वाईट.”

गाजरगवताचे परागकण होते. शेजारच्या प्लॉटवर पूर्वी केळीची बाग होती. नव्वदीनंतर आमच्या उमेळे गावाच्या बाजूला वाड्या विकल्या जाऊ लागल्या, तशी तीही गेली. बिल्डरचा फलक आला, इमारत येईना, आणि ते पांढऱ्या फुलांचं गवत कमरेएवढं वाढलं. काच त्याचं वेळापत्रक सांगायची: पाऊस उघडला की दाट, दिवाळीनंतर विरळ, नाताळापर्यंत जवळजवळ स्वच्छ.

तेव्हापासून दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की सर नाकाला रुमाल बांधून, हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घालून गवत उपटायचे, फुलं धरायच्या आत. प्लॉटवर जमेल तेवढं, सोसायटीच्या आवारात मात्र एक रोप उरू दिलं नाही. पुढच्याच सप्टेंबरात फिलूबाय गायल्या. सर शेवटच्या बाकावर होते. गाणं चालू असताना वारा कुठल्या खिडकीतून येतोय, ते बघत होते.

यंदा ऑगस्टच्या अखेरीस सर झोपेतच गेले. नगरसेवकांनी गाडीच्या चाकाएवढं पुष्पचक्र आणलं. झेंडूच्या मधे मधे, भरीला, फुलवाल्याने पांढरी बारीक फुलं खोवली होती. फिलूबाय त्यावर वाकल्या. लोकांना वाटलं, गहिवरल्या.

“हे बाहेर ठेवा.”

“बाय, साहेबांनी आणलंय…” नगरसेवकांचा कार्यकर्ता म्हणाला.

“मग साहेबांनाच सांगा बाहेर ठेवायला.”

ठेवलं, फाटकापाशी. नंतर कोणी उचललं नाही.

परवा गच्चीवर गेलो, तर फिलूबाय दोरीला ताजी काच लावत होत्या.

“आता कशाला, बाय?”

“ते गेले. गवत गेलंय का?”

मी खाली उतरलो. फाटकापाशी, पुष्पचक्र कुजलं त्या जागी, गाजरगवताची रोपं आली आहेत. आवारात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.