एल्बोजवळचा मीटर

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गॅसचा मीटर मी दोनदा बसवला. पहिल्यांदा चुकीच्या जागी.

भट्टीत किती गॅस जातो ते मोजायला तो पाइपात बसवायचा होता. त्या आठवड्यातला तो माझा चौथा कारखाना. दुपारपर्यंत डोकं चालेनासं झालं होतं. मी पाइपावर खडूने खूण केली, तेव्हा साठीला आलेले पाइप जोडणारे मिस्त्री शिडीवरून म्हणाले, "साहेब, एल्बोच्या लई जवळ येतोय की. वळणावर गॅस गरगरतोय. मधी सरळ पाइप नको व्हय?"

त्यांचं बरोबर होतं. वळणानंतर पाइपाच्या रुंदीच्या निदान दहापट सरळ लांबी सोडा, हे मीच नव्या माणसांना सांगत आलो होतो. पण मीटर पुढे न्यायचा म्हणजे आधार नव्याने वेल्ड करायचे, आणखी एक दिवस जाणार. "चालतंय मामा, लावा," मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी फोन आला. भट्टी तीच, माल तोच, पण मीटरचा आकडा एका जागी ठरत नव्हता. मी पोचलो तर मॅनेजर मिस्त्रींना सगळ्यांदेखत झापत होते. "तुला कळत न्हाय तर विचारायचं की! कुठंबी बसवतोस?" मिस्त्री फडक्याला बोटं पुसत उभे होते. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

खडूची खूण केव्हाच पुसली गेली होती. मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं.

"खूण माझी होती," शेवटी मी म्हणालो. "त्यांनी विचारलं होतं. मीच चालतंय म्हणालो."

मॅनेजर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "आता काय करायचं ते करा."

गॅस बंद केला, नायट्रोजन सोडून लाइनमधला उरलेला गॅस बाहेर काढला आणि मगच पाइप कापला. दोन दिवस गेले. मीटर पुढे सरकला. त्यावरचा बाण गॅसच्या दिशेनेच आहे ना, सांध्यातलं गॅस्केट पाइपात डोकावत नाही ना, हे मिस्त्रींनी स्वतः पाहिलं. भट्टी पेटवली, आकडा स्थिर राहिला.

मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. बाहेर नळावर हात धुताना मिस्त्री म्हणाले, "त्या दिवशी तुमी लई दमला हुतासा, साहेब. मला दिसत हुतं. म्हणून म्या बी जोर केला न्हाय."

तीन वाजता शिरोलीला, पुढच्या कारखान्यात पोचायचं होतं. मी गाडीला किक मारली.