माळावर सावली नको

"मावशी, आई गेली..." निखिलचा फोन आला तेव्हा मी गॅसपाशी उभी होते. दूध उतू गेलं, आणि मला आधी राग आला तो प्रज्ञाचाच. ही बाई मला न सांगता कधी कुठे जायची नाही!

कल्याणच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, मी मराठी. मैत्री जमली ती खडवलीच्या माळावर. पहिल्यांदा तिने मला तिकडे ओढून नेलं तेव्हा माळ नुकताच वणव्यात जळला होता. मी हळहळले, तर म्हणाली, "अगं, रडतेस काय! इथे पाऊस एवढा पडतो, की मोकळं सोडलं तर झाडीच माजेल. पण पुढचे आठ महिने कोरडे. पुरुषभर गवत वाळतं, पेटतं, आणि झाडांची रोपं त्यात जातात. गवताचा जीव मुळांत, ते परत येतं." मग जाड सालीचा कुंभा दाखवला. बुंधा काळा, वर कोवळी पालवी. "हा इथला. याला आग सोसते." मुद्दाम आग लावणाऱ्यांशी मात्र ती कडाकडा भांडायची, दरवर्षी ऐन वैशाखात पेटवलंत तर कुंभाही टिकायचा नाही, म्हणायची. अलीकडच्या अवकाळी पावसाने माळाचं वेळापत्रक बिघडलं, तर हिचीच झोप उडालेली. आणि वृक्षारोपणवाले खड्डे खणायला आले की ही तिथे हजर! "हे उजाड झालेलं जंगल नाही, हा माळच आहे," हे तिने इतक्यांना ऐकवलं की स्टाफरूममध्ये आम्ही तिला झाडांची सवत म्हणायचो.

पुण्यानुमोदनानंतरच्या रविवारी निखिल तिची राख घेऊन माळावर आला. हल्ली आम्हा बौद्धांत राख खड्ड्यात घालून वर झाड लावतात. त्याने पिंपळाचं रोप आणलं होतं. वणवा नुकताच होऊन गेलेला. त्याने कुदळ उचलली, आणि माझी जीभ रेटेना... शेवटी म्हटलं, "इथे नको रे. आयुष्यभर ती हेच थांबवत आली."

एवढा मोठा बाप्या, पण कुदळ धरून लहान पोरासारखा रडायला लागला. "पण मावशी, आईला ऊन लागेल ना..."

"तिला ऊनच हवं होतं, बाळा."

त्याने कुदळ खाली ठेवली. मग मडकं उघडून चालत चालत त्याने राख उधळली. माळाची कुठली नि तिची कुठली, कळेना. रोप आम्ही परत गाडीत ठेवलं.

परवा एकटीच जाऊन आले. पाऊस अजून लांब आहे, तरी काळ्या जमिनीतून बोटभर गवत वर आलंय. मी चपला काढून हातात घेतल्या, आणि मगच आत पाय टाकला.