मामूंनी कापून दिलेली सही

तारीख अकरा, मंगळवार, सकाळी साडेअकरा. प्रांत कार्यालयात आमच्या गावच्या प्रभाग रचनेवरच्या हरकतीची सुनावणी होती. हजर: प्रांतसाहेब, त्यांचे कारकून, हरकत घेणारे टेलरमामू, त्यांच्यासोबत गेलेल्या गयाबाई आणि विरोधात बोलायला माझे चुलते आप्पा. मामूंनी सोबत आणलेल्या तक्त्यात गावची माणसं दोन हजार चारशे तीस. तक्ता माझ्या अक्षरात होता. मी गैरहजर होतो.

नळदुर्गकडं जाणाऱ्या रस्त्यावर, स्टँडला लागून मामूंचं दुकान होतं. जुन्या मापावर त्यांनी कधी कापड कापलं नाही. गिऱ्हाईक किती का ओळखीचं असेना, टेप गळ्यातून काढायचेच. मी एकदा वैतागून म्हणालो, "मामू, दोन महिन्यांपूर्वीच घेतलंय की माप." ते म्हणाले, "तवाचा माणूस तवा गेला. हात वर करा." माझ्या लग्नाच्या सफारीसाठी त्यांनी एका महिन्यात तीनदा माप घेतलं आणि तिसऱ्या वेळी कंबर पाऊण इंचानं कमी केली. सफारी अशी बसली की मेहुण्यांनी शिंप्याचं नाव विचारलं.

दोघा भावांत एकच तागा घेऊन कोणी आलं, की मामू एकाच्या हातात खडू द्यायचे. त्यानं कुठं कापायचं ती रेघ मारायची आणि आधी तुकडा उचलायचा तो दुसऱ्यानं. "खडू एकाच्या हातात, निवड दुसऱ्याच्या. मग बघा रेघ कशी नीट येती," असं म्हणायचे. आणि पुढं, सुई दातात धरून, "आपल्या गावात खडू बी त्येंचाच अन् निवड बी त्येंचीच." सगळे हसायचे. मीही हसायचो.

मी हायस्कूलात कारकून. आकड्यांची चूक मला खपत नाही, हे गावाला माहीत. म्हणून प्रारूप प्रभाग रचना ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली तेव्हा मामू नकाशाची झेरॉक्स घेऊन माझ्याच घरी आले. "भाऊ, हे बघा. बाही मधूनच कापलीय." गोष्ट खरी होती. ओढ्यापलीकडची गल्ली, म्हणजे बौद्ध घरं, मामूंचे मुसलमान शेजारी आणि वडारांची काही घरं, तीन तुकडे करून तिन्ही प्रभागांत वाटली होती. आमच्याकडं प्रभागाला तीन जागा, आणि मतदाराला तिन्ही जागांसाठी मत. ज्याची माणसं जास्त, तो तिन्ही जागा नेतो. राखीव जागेवरही उमेदवार पलीकडचा असला तरी तो कोणाच्या मर्जीतला, हे ओढ्याअलीकडची मोठी घरं ठरवत. ओढ्यावर पूल व्हावा हा विषय त्यामुळं आजवर सभेत कोणी काढलाच नव्हता. मामूंना सभेत पूल मागणारं तोंड हवं होतं, दुसरं काही नाही.

सरकारी आकडा जुन्या जनगणनेचा. मामूंना तो पटणं शक्यच नव्हतं. सहा रविवार आम्ही दारोदार फिरलो. मामू हाक मारायचे, मी लिहायचो. गयाबाईंच्या दारात मी विचारलं, "तुमच्या घरी किती जण?" त्या म्हणाल्या, "जेवताना सहा, कामाला दोन. कोणतं लिव्हताव दादा?" मामूंना एवढं हसू आलं की ते ओट्यावर बसले.

तक्ता तयार झाला. पलीकडच्या गल्लीत सहाशे तीस माणसं. प्रभागांत त्यांचे तुकडे दोनशे पाच, दोनशे दहा आणि दोनशे पंधरा. एका सदस्यामागं दोनशे सत्तर. मी भागाकार करून सांगितलं, "तुमच्या वाट्याला सदस्य येतात दोन पूर्णांक तेहेतीस शतांश."

"तेहेतीस शतांश माणूस बसवू कुठं?" मामू म्हणाले. "दोन येऊ द्या. लई झालं."

एक प्रभाग आठशे दहाचा. गल्ली सलग ठेवायची तर आणखी एकशेऐंशी माणसं जोडायला हवी होती. ओढ्याला लागून बरोबर एकशेऐंशीची एक गल्ली होती. ती माझी. मी तोही आकडा स्वच्छ अक्षरात लिहिला, बेरीज दोनदा तपासली आणि खाली सही केली. त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला, हे लपवत नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी आप्पा आले. चहा झाल्यावर म्हणाले, "त्या वॉर्डात आपण एकशेऐंशी अन् ते सहाशे तीस. आपलं कोण निवडून येणार रे? आपलं कोण ऐकणार?" सहा रविवार मी ज्यांची दारं वाजवली त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची अडचण मला माझ्या गल्लीच्या आकड्यावरून कळली, आणि कळल्यावर मी घाबरलो. आप्पा उठताना म्हणाले, "सुनेला, तुझ्या बायकोला, उभं करायचं आमच्या मनात आहे. तू उद्या जाऊ नकोस, एवढंच." बायकोनं भांडी आवरता आवरता विचारलं, "मग जाणार की नाही?" मी म्हणालो, बघू.

संध्याकाळी दुकानात जाऊन मी मामूंना सांगितलं, "पोट बिघडलंय. उद्या जमेलसं वाटत नाही."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आप्पा येऊन गेले व्हय?"

मी टेबलावरचा खडू उचलून परत ठेवला.

"बरं. पोटाला जपा," म्हणाले आणि मशीन चालवू लागले.

सुनावणीत काय झालं ते पुढं गावभर झालं. प्रांतसाहेबांनी तक्ता नीट पाहिला आणि विचारलं, "मोजणी कोणी केली? खाली सही नाही." मामू म्हणाले, "म्याच केली." साहेबांनी तक्त्यातली एक ओळ वाचायला सांगितली. मामू उर्दू शाळेत शिकलेले. मराठी आकडे वाचत, अक्षरांवर अडखळत. साहेब म्हणाले, "अक्षर तुमचं नाही. मग कोणाचं?" मामूंनी सांगितलं नाही. गयाबाई बोलणार होत्या, तर मामूंनी त्यांना हातानं थांबवलं आणि एवढंच म्हणाले, "त्या माणसाचं पोट बिघडलंय साहेब." सहीशिवायचा कागद धरता येत नाही, म्हणून हरकत फेटाळली गेली.

दोन दिवसांनी मामू घरी आले. बसले नाहीत. खिशातून बोटभर रुंदीची कागदाची पट्टी काढून माझ्या हातात दिली. तिच्यावर माझी सही होती. मोठ्या कात्रीनं कापलेली, कडा अगदी सरळ.

"भावकीत राहायचंय तुमाला," ते म्हणाले. "न आलेल्या माणसाची सही घेऊन कशाला जाऊ?"

त्यांना ठाऊक होतं की सही नसेल तर तक्ता टिकणार नाही. तरी त्यांनी मला वाचवलं. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

निवडणुकीत बायको निवडून आली. पाच वर्षांत तिनं पुलाचा विषय एकदा काढला. आप्पा म्हणाले, पुढच्या सभेत बघू. मी तिला पुन्हा काढ म्हणालो नाही. पुढं मी शर्टाला कापड नेलं तेव्हा मामूंनी नेहमीसारखं नवं माप घेतलं, हात वर करा म्हणाले, सुनावणीबद्दल अक्षरही काढलं नाही. नंतर ते सोलापूरला लेकीकडं गेले आणि तिथंच वारले. मातीला जायला मला सुट्टी मिळाली असती. मी अर्ज केला नाही.

यंदा नवी प्रारूप रचना लागली. रेघा त्याच. जुन्या तक्त्याची नक्कल माझ्या कपाटात आहे, पण मामूंना ती चालली नसती. म्हणून रविवारी मी वही घेऊन एकटाच ओढा उतरलो. या वेळी हरकत माझ्या नावानं असेल, माझी गल्ली धरून. हे मी आप्पांना आधीच सांगून आलो होतो. मामूंच्या घराला कुलूप होतं. तिथं शून्य लिहिलं.

गयाबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मला बघून हात थांबला नाही.

"दादा, औंदा पोट बरं हाय ना?"

मी वहीचं पान उलटलं. "बरं आहे," मी म्हणालो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माप घेतल्यासारखं.

"मग लिव्हा. पाच."