आप्पांनी पाहिलेला मेंढरांचा सिनेमा

आमच्या घरात सिनेमावर मत द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. मुलीला गाणी आवडली की सिनेमा चांगला, बायकोला शेवट गोड लागतो, आणि मी आधी 'किती तासांचा?' एवढंच विचारतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, तेवढे गप्प. सास्तूरच्या शिवारात उभा जन्म मेंढरांमागं काढलेला माणूस. गुडघे गेले म्हणून दिवाळीनंतर मी त्यांचा सगळा कळप मुरुमकडच्या एका मेंढपाळाला विकला आणि त्यांना लोहाऱ्याला माझ्याकडं आणलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी एका शब्दापलीकडं बोलत नव्हते. जेवलात का? व्हय. गोळी घेतली? न्हाय. मला ते आतून खात होतं.

टीव्हीसमोर मात्र बसायचे. गेल्या महिन्यात एक मारधाडीचा सिनेमा पाहिला. हिरोनं एकट्यानं पन्नास जण लोळवले, मुलगी टाळ्या पिटत होती. आप्पा तिला म्हणाले, "ती मागली गाय बघ. दोन दिस पानी न्हाय तिला." आम्ही सिनेमा मागं नेऊन पाहिलं. खरंच कोपऱ्यात एक गाय होती, पोट खपाटीला गेलेली. मग एक रडका कौटुंबिक सिनेमा झाला. नायिका आसवं गाळत शेळीची धार काढत होती आणि बायकोनं पदर डोळ्याला लावला होता. "आटलेल्या शेळीची धार काढायली ही," आप्पा म्हणाले. बायकोचं रडं तिथंच आटलं.

परवाच्या रविवारी दुपारी मी एक परदेशी सिनेमा लावला. बर्फाचा मुलूख, एक म्हातारा, त्याची मेंढरं, आणि भाषा कुणालाच कळेना. माझं मत विचाराल तर निव्वळ रटाळ. मी बदलणार तोच आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

पडद्यावर एक मेंढी व्याली आणि आपल्याच कोकराला ढुश्या मारू लागली. म्हातारा नुसता बघत उभा. आप्पा पुढं सरकले.

"आता कुत्रं आणील बघ."

"कुत्रं? अहो आप्पा, खाईल की ते कोकराला!" बायको म्हणाली.

म्हातारा खरंच कुत्रं घेऊन आला आणि त्यानं ते मेंढीसमोर बांधलं. कुत्रं दिसताच मेंढीनं खूर आपटला, ती कोकराला पाठीशी घालून उभी राहिली आणि थोड्या वेळानं त्याला चाटू लागली. मी हातातला रिमोट खाली ठेवला. ज्या देशाचं नावही आप्पांनी ऐकलेलं नाही, तिथल्या म्हाताऱ्याच्या मनातलं त्यांना आधीच ठाऊक होतं. एवढं जाणणारा माणूस मी गोळ्या देऊन घरात बसवला होता.

आप्पा भिंतीला धरून उठले. थेट माझ्याकडं बघत म्हणाले, "आपली कानतुटकी बी अशीच. दर वेताला पिल्लू झिडकारती. तिचे दिस भरलेत. त्या मुरुमवाल्याला सांगितलंस का?"

कानतुटकी कोणती हेच मला माहीत नव्हतं. मला सगळी मेंढरं सारखीच दिसायची.

मी फोन लावला. मुरुमवाला रडकुंडीला आलेला. काल व्याली, जवळ घेईना, कोकरानं मान टाकलीय म्हणाला. आप्पांनी फोन माझ्या हातातून ओढलाच.

"कुत्रं बांध तिच्या म्होरं. चावंल इतकं जवळ नगं. तिचंच दूध काढून कोकराच्या पाठीला चोळ, आन् तू बाजूला हो."

फोन कानाला लावून ते उभेच राहिले. सिनेमा चालू होता, पण कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं. मुलीनं आजोबांचा हात घट्ट धरला होता. बऱ्याच वेळानं फोनमधून ओरडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, "आप्पा, लुचायलंय! कोकरू लुचायलंय!"

आप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"गाडी काढ," मला म्हणाले.

"आप्पा, तुमचे गुडघे..."

"गुडघं मरू देत. चल, मेंढरू कसं वळकायचं ते दावतो तुला."

चाळिशी उलटलेला मी, दारात धावत जाऊन त्यांच्या वहाणा शोधू लागलो.