अर्ध्या शेराचा नागण्णा

नागण्णा हमाल रामराम घालायच्या आधी माणसाला उचलायचा. चिटगुप्प्याच्या आडत बाजारात नवा माणूस दिसला की हा हसत पुढं यायचा, कमरेला मिठी मारायचा, वीतभर वर घ्यायचा, अलगद खाली ठेवायचा आणि वजन सांगायचा. नाव मग विचारायचा. तहसीलचा कारकून, मशिदीचे मौलवी, मठाचे स्वामी, कोणी सुटलं नाही. एकदा बिदरहून नवे फौजदार आले. ते हवेत असतानाच आत टाकीन म्हणून ओरडले. नागण्णानं त्यांना खाली ठेवलं, त्यांची टोपी सरळ केली आणि सांगितलं, साहेब, बासष्ट शेर, जेवणाकडं बघा. फौजदार चिडून काट्यावर बसले. बासष्टच भरले. किलो नवे नवे आले होते, पण नागण्णा शेरातच बोलायचा आणि अर्ध्या शेरानंही चुकायचा नाही.

मला उचललं तेव्हा म्हणाला, "पंच्याऐंशी शेर. त्यात धा शेर निस्ता ताठा."

मी चौथी नापास. लिहिताना काही चुकत असेल, पण खोटं लिहीत नाही. ताठा होता. अजून आहे. त्या वेळी तर त्याच्यापायी घर दोन ठिकाणी जेवत होतं, ते आधी सांगतो.

आमच्या निर्ण्याला मारुतीपुढं तीन गुंड आहेत. गुंड म्हणजे घासून गोल केलेला धोंडा. नागपंचमीला पोरं ते उचलतात. जमिनीवरून मांडीवर, मांडीवरून छातीवर, छातीवरून खांद्यावर, आणि खांद्यावरून मागं टाकला की उचलला. धाकटा कोणीही उचलतो. मधला ऐंशी शेरांचा, तो मी मिसरूड फुटायच्या आत मागं टाकला. थोरला एकशे पाच शेरांचा. तो माझ्या मांडीवर यायचा आणि तिथंच बसायचा. तीन पंचम्या तो मांडीवर बसून परत गेला. तिसऱ्या वेळेला लोक हसले. मी तिथल्या तिथं न्हाव्याला बोलावलं, सगळ्या गावादेखत मिशी उतरवली आणि म्हणालो, थोरला मागं टाकीन तेव्हाच मिशी ठेवीन.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं काय बोललो मी. एकच गोष्ट ध्यानात राहिली नाही. आमच्याकडं बाप मेला की मिशी काढतात. आणि आमचे अप्पा देवळाच्या कट्ट्यावर जिवंत बसले होते.

गावाला ठाऊक होतं, पण बाहेरच्यांना कोण सांगणार. करजगीच्या एका सोयऱ्यांना मी हुमनाबादला बसमधून दिसलो, बिनमिशीचा. मी खाली उभा, बस सुटलेली, बोलणं झालं नाही. चौथ्या दिवशी ते बायकोला घेऊन निर्ण्याला आले. बाईंनी वेशीपासूनच गळा काढला. दारापर्यंत आल्या, तर अप्पा उंबऱ्यावर बसून दोर वळत होते. बाईंचा आवाज मध्येच थांबला. अप्पांनी दोर खाली ठेवला आणि विचारलं, कोण गेलं? सोयऱ्यांनी बायकोकडं बघितलं. शेवटी बाईच म्हणाल्या, "तुम्हीच की."

त्या दिवशी अप्पांनी सांगून टाकलं की मिशी येईपर्यंत ह्यानं माझ्या पंगतीला बसायचं नाही. मी म्हणालो, थोरला उठेपर्यंत मिशी येणार नाही. आई एक भाकरी ओसरीवर वाढायची आणि एक परसात. सण आला तरी तसंच. अप्पा आणि मी एकमेकांशी आईच्या तोंडून बोलायचो. मी शेजारी उभा असलो तरी ते आईला सांगायचे, त्याला म्हणावं बैलाला पाणी दाखव. मी आईला सांगायचो, त्यांना म्हणावं दाखवलं.

आणि मी कष्ट कमी केले असं नाही. बैठका पाचशेच्या हजार केल्या. म्हशीचं दूध एकट्यानं संपवायचो. रोज पहाटे मारुतीपुढं जाऊन थोरल्याला भिडायचो. तो आधी मांडीपर्यंत यायचा, मग गुडघ्यापर्यंत येऊ लागला. पुढं पुढं तर मधलाही जड लागायला लागला. जेवढा जोर लावावा तेवढा तो धोंडा जमिनीत रुतल्यासारखा व्हायचा.

अशा वेळी मी एका आडत्याची गाडी हाकायला लागलो आणि नागण्णाच्या तावडीत सापडलो. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, तोंडात पान. हमालांचा मुकादम. माझं सगळं रामायण त्यानं पोत्यावर बसून ऐकलं. मिशीचं ऐकताना हसून हसून पोत्यावरून खाली पडला, आणि उठून परत पहिल्यापासून सांगायला लावलं. मग डोळे पुसून धाकट्या भावाला हाक मारावी तसं म्हणाला, "तम्मा, रोज त्याच धोंड्याला धडक मारायलास. धोंडा काय म्हणत असंल? ह्यो आला पुन्हा."

मी म्हणालो, मग काय करू, सोडून देऊ?

"मधल्यात अन् थोरल्यात पंचवीस शेराची उडी हाय. कामून उडी मारायलास? पायऱ्या बांध की. धोंड्याला पायऱ्या न्हाईत. पोत्याला हायेत."

शेराची वजनं बाद होऊन गोदामाच्या कोपऱ्यात पडली होती. त्यातलं अर्ध्या शेराचं त्यानं काढलं. ओढ्याची वाळू आणली, पोत्यात भरली आणि तोंड आखूड बांधून पोतं गुंडासारखं गोल केलं. सत्तर शेर. मी चिडलो. ऐंशीचा गुंड पोरपणी टाकलेला माणूस मी, सत्तर शेरांची वाळू उचलू? नागण्णा म्हणाला, "खालून चढतेत पायऱ्या. वरून चढलेला दिसला तर मला दाखव."

शिमग्याला सुरुवात केली. एक दिवस पाच वेळा उचलायचं, दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी अर्धा शेर वाळू वाढवायची. एवढंच. बैठका बंद. थोरल्याकडं बघायचंसुद्धा नाही. मी कुरकुर केली की तो म्हणायचा, "अर्ध्या शेरानं कंबर मोडलेला माणूस मी अजून बघितला न्हाई."

त्या रिकाम्या दिवसाचा मात्र मला फार त्रास व्हायचा. नागण्णाचा माझ्यावर विश्वास नव्हता. गाडी सोडली की तो मला समोर बसवायचा, हात गुडघ्यावर ठेवून. शेजारी बायका तूर पाखडायच्या. त्या विचारायच्या, ह्या पाव्हण्याला काय झालंय, आजारी आहे का? एकदा गंगव्वा म्हातारीनं कीव येऊन माझ्या हातात सूप दिलं. नागण्णा गोदामातून धावत आला. "साकु, साकु," म्हणजे पुरे पुरे म्हणत त्यानं ते सूप काढून घेतलं आणि तिला बजावलं, ह्याला आज तुरीचा दाणा बी उचलू देऊ नको, ह्याचं अंग आत काम करायलंय. बायका माझ्या अंगाकडं निरखून बघायला लागल्या. मी लाजेनं लाल झालो.

ही बातमी अप्पांना लागली. पोरगा बाजारात बायकांत बसून असतो म्हणून. ते काठी घेऊन चिटगुप्प्याला आले. नागण्णाला लांबूनच म्हणाले, माझ्या पोराला हमाल करायलास का, तंगडं मोडीन. नागण्णा हसत पुढं गेला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा अप्पा काठीसकट हवेत होते. नागण्णानं त्यांना खाली ठेवलं आणि म्हणाला, "बहात्तर शेर. पाव्हणं, ताठा पोरापेक्षा जास्त भरला." अप्पांनी धोतर नीट केलं, वळले आणि गेले. पण पुढच्या बाजाराला ते परत आले. मग दर बाजाराला यायला लागले. नागण्णाशेजारी पोत्यावर बसायचे, त्याचं पान खायचे आणि माझ्याकडं पाठ करायचे.

वैशाखात मी एक चूक केली. पोतं सोपं वाटायला लागलं होतं. चार शेर चढले, आठ चढले, बारा चढले, आणि माझ्यातला ताठा उठला. नागण्णा जेवायला गेला तेव्हा मी गुपचूप पाच शेर वाळू वाढवली. पोतं छातीपर्यंत आलं, तिथून मागं कललं आणि मला घेऊनच खाली बसलं. मी भिंतीला टेकलेला, मांडीवर पोतं, पाठीत कळ, हलता येईना. नागण्णा हात पुसत आला. पोत्यावर नुसता तळवा ठेवला. "पाच शेर आगाऊ," एवढंच म्हणाला. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं पोतं सोडलं, पाचाच्या जागी दहा शेर काढले आणि वीस दिवस मला पोत्याला हात लावू दिला नाही.

ते वीस दिवस आणि खाली गेलेल्या पायऱ्या काही भरून निघाल्या नाहीत. मग त्यानं अर्ध्याचा एक शेर केला, तरी पंचमीच्या आदल्या दिवशी माझं पोतं एकशे तीन शेरांवर आलं होतं. थोरला एकशे पाचांचा. मी म्हणालो, नागण्णा, दोन शेर कमी पडले, आता पुढच्या पंचमीलाच. अजून एक वर्ष परसात जेवायचं माझ्या जिवावर आलं होतं. तो पान लावत होता. मान वर न करता म्हणाला, "सण हाय. दोन शेर सण उचलंल."

पंचमीला बाजार सोडून तो निर्ण्याला आला, गंगव्वासकट तूर पाखडणाऱ्या सगळ्या बायका गाडीत घालून. झोके सोडून गाव मारुतीपुढं जमलं. अप्पा कट्ट्यावर, पाठ माझ्याकडं. मी वाकलो, थोरल्याला मिठी घातली. त्याला इतक्या महिन्यांनी हात लावला होता, तो मला ओळखीचाच वाटेना. पोत्यासारखाच उठला. मांडीवर आला, तिथं थांबला नाही. छाती. खांदा. आणि धाडदिशी मागं. गाव आरडायला लागलं. गंगव्वानं कुणाची तरी टोपी वर फेकली.

अप्पा तसेच बसलेले. आवाज खाली आल्यावर समोरच्या भिंतीला सांगावं तसे म्हणाले, "मी बघितलं न्हाई."

माझ्या अंगात राग पेटला, मी तसाच वळून धोंड्याला हात घातला. नागण्णानं मला काखेत धरून बाजूला केलं. म्हणाला, "गुंड उचलायलास का राग उचलायलास? बस." आणि मला पायरीवर बसवून पान लावायला घेतलं. एवढं सावकाश पान मी आयुष्यात पाहिलं नाही. चुना बोटानं पुसला, सुपारी कातरली, एक तुकडा पडला तो उचलून फुंकला. गाव उभं. मग चघळलं. कोणीतरी ओरडलं, नागण्णा, पेरणी उरकून येऊ का? त्यानं हात केला, जाऊन या. पानाचा शेवटचा रस थुंकला, माझ्या छातीवर तळवा ठेवून श्वास बघितला आणि मग म्हणाला, "पाव्हणं, वळा इकडं. पोरगं पुन्हा उचलायलंय, तुमच्यासाठी."

अप्पा वळले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचं तोंड माझ्याकडं झालं. थोरला दुसऱ्यांदा मागं गेला तो पहिल्यापेक्षा चार बोटं लांब पडला, हे आजही तिथं दाखवता येईल. अप्पा उठले, धोंड्यापाशी गेले, पायानं ढकलून तो खराच आहे का बघितलं. मग आईला नाही, मला म्हणाले, "घरी चल. सांज्याची पोळी गार व्हायलीय." आम्ही एका पंगतीला बसलो. नागण्णा मध्ये. मिशी उगवायला महिना लागला, पण तेवढी सूट अप्पांनी दिली.

आमच्यात पुढंही भांडणं झाली, पुष्कळ झाली. पण ती तोंडावर झाली, आईला मध्ये घालावं लागलं नाही.

बारा-पंधरा वर्षांनी, राज्याचं नाव कर्नाटक झाल्यावर, नागण्णा एका दुपारी भाकरी खाऊन पोत्याला टेकला तो उठला नाही. त्यांच्यात बसवून पुरतात. खड्ड्यात मांडी घालून बसलेला नागण्णा कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा दिसत होता. अप्पा तेव्हा फार थकले होते, मी त्यांना गाडीत घालून नेलं. त्यांनी मूठभर माती टाकली. परत येताना निर्ण्याच्या वेशीत गाडी आली तेव्हा त्यांनी माझा दंड धरला आणि विचारलं, "तुळशा, आता बाजाराच्या दिवशी मी कुठं बसू रं?"